तोरबोर्गचा दुसरा साक्षीदार

तोरबोर्गने आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही. नवऱ्याचं नाही, पाद्रीबुवांचं नाही, आणि औषधं द्यायला बेटावर घरोघर फिरणारी नर्स म्हणून माझं तर मुळीच नाही. नवरा बुडाल्यावर ती स्वतः होडी घेऊन मासेमारीला जायची, कॉड मासे स्वतः खारवायची. मूलबाळ नव्हतं, म्हणून भाऊ आणि भाचा एलिफ यांच्यावर हुकूम सोडायची.

मग डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार सुरू झालाय. ती रडली नाही. "डोकं जाईल तर जाऊ दे," मला म्हणाली, "पण माझ्या घराचं काय करायचं ते कुणी उपरा ठरवणार नाही."

कागद वेळेत झाला नाही, तर सरकार नेमेल तो पालक तिला किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात धाडणार आणि घर विकणार, ही धास्ती तिला होती. म्हणून वकीलबाईंकडून तिने मुखत्यारपत्र तयार करून घेतलं. डोकं चालेनासं झालं की व्यवहार एलिफने बघायचे, घर आणि होडीघर विकायचं नाही, तिला शक्य तोवर बेटावरच ठेवायचं. घरच्यांनी हौसेने सह्या ठोकल्या: साक्षीदार एलिफची बायको आणि एलिफचा भाऊ. वकीलबाईंनी कागद परत पाठवला. मुखत्याराच्या घरची माणसं साक्षीला चालत नाहीत.

आली का पंचाईत! बेटावर जो तो एलिफच्याच घरचा. परके दोघंच: मी आणि शेजारचा अस्लाक. अस्लाकशी तोरबोर्गने कित्येक वर्षं अबोला धरलेला. वादळाने किनाऱ्याला जाणारी बोट बंद होती आणि त्या आठवड्यात एका सकाळी तिने मलाच विचारलं, "तू कुणाची गं?" दुपारी तिला पुन्हा सगळं आठवत होतं. मी तडक अस्लाकचं दार ठोठावलं.

तो रविवारचा कोट चढवून आला आणि उभाच राहिला.

"बस," तोरबोर्ग म्हणाली. "खुर्ची चावत नाही."

"मी उगाच सही करणार नाही," अस्लाक मला म्हणाला. "हिला सगळं कळतंय याची माझी खात्री पटायला हवी." मग तिच्याकडे वळला. "काय लिहिलंय यात?"

तिने मुखत्यारपत्रातलं सगळं धडाधड सांगितलं, भाच्याला दोन शिव्यांसकट.

"आणि आपण का बोलत नाही?"

"तुझ्या बोकडाने माझा कोबी फस्त केला. तू म्हणालास, वाऱ्याने उडाला. त्याच्या दाढीला पानं लटकत होती, मेल्या."

अस्लाकने मान हलवली. "शाबूत आहे. दुर्दैवाने." तोरबोर्गने नव्या प्रतीवर सही केली. साक्षीला तिच्याखाली मी आणि माझ्याखाली अस्लाकने. मला इतकं हलकं वाटलं की मी एकटीनेच तिच्या टेबलावरचा अर्धा केक संपवला.

दोन हिवाळ्यांनी तिचं डोकं खरंच गेलं. एलिफने कागद दाखवला आणि व्यवहार हाती घेतले. कुणी उपरा आला नाही. ती अजून आपल्याच खिडकीत बसते.

परवा अस्लाक तिच्यासाठी ताजा कॉड घेऊन आला. तिने त्याला निरखून पाहिलं.

"तू कुणाचा रे?"

"शेजारचा."

"नशीब माझं. शेजार चांगला मिळाला."

अस्लाकने टोपी काढून हातात घेतली. मग मला म्हणाला, "बाई, हे लिहून घ्या. साक्षीला मी आहे."