पहिली फेरी

रेनो हापलाने नोकरीची सगळी वर्षं मिठाचा ट्रक चालवला. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या अफाट तळ्याच्या काठावरचं त्याचं गाव सगळं चढउतारांचं. हिवाळ्यात बर्फ पडला की तो वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकायचं काम त्याचं. तेच मीठ मग गावातल्या गाड्यांचं लोखंड पोखरायचं. "मीठ मी टाकलं, गंजही मीच काढतो," असं तो निवृत्तीनंतर म्हणायचा आणि या विनोदावर स्वतःच पहिला हसायचा.

दर ऑक्टोबरात तो अंगणात गाडी जॅकवर चढवी. चाकं काढी, चाकामागच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी धरणारे ब्रेकचे कॅलिपर सोडवी. गंज घासायचा, पिनांना ग्रीस लावायचं, बाहेर आलेला पिस्टन शिकंज्याने मागे दाबायचा आणि कॅलिपर पुन्हा बसवायचा. मग अर्ध्या गल्लीच्या गाड्या त्याच्याकडे येत. हे त्याने कोणी सांगितलं म्हणून केलं नाही. दुसऱ्याच्या हातचा ब्रेक त्याला पटतच नसे, इतका तो हेकट होता.

त्याचा एक नियम होता. ब्रेक बसवले की पहिली फेरी बसवणाऱ्याने एकट्याने मारायची. उतारावरून खाली तळ्याजवळच्या ‘थांबा’ लिहिलेल्या पाटीपर्यंत जायचं, थांबायचं आणि परत यायचं. तोवर गाडीत दुसरं कोणी बसायचं नाही. त्याची बायको लेम्पी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राही. गाडी परत दिसली की ती कॉफी ठेवी आणि वेलदोड्याचा पाव कापायला घेई. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं.

यंदा त्याने सगळं नेहमीसारखं केलं. बोल्ट आवळले, चाकं चढवली, गाडी खाली उतरवली, आत बसून रिव्हर्स टाकला. गाडी उताराला लागली. त्याने ब्रेक दाबला तर पेडल सरळ तळाला गेलं. पिस्टन मागे ढकलल्यावर तबकडीला आवळणारे ब्रेकचे पॅड तिच्यापासून लांब राहतात. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावं लागतं. हे त्यानेच अख्ख्या गल्लीला शिकवलं होतं, आणि आज तोच विसरला. गाडी अंगणातल्या सौनामागच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरामागच्या, बर्चच्या लाकडांच्या ढिगात जाऊन थांबली.

लागलं कुणालाच नाही. पण रेनो बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिला. त्याला भीती वाटली, आणि ती लाकडांची नव्हती. त्याच्या आईचं विसरणं असंच सुरू झालं होतं.

मग घरात जाऊन त्याने एल्डनला, शेजाऱ्याला, फोन केला. "शनिवारी येऊ नकोस. तुझी गाडी गॅरेजला ने."

"का रे? पाठ धरली का?"

"हो. पाठ."

लेम्पीने हे ऐकलं. खिडकीतून तिने लाकडं पडतानाही पाहिली होती. तिने कोट चढवला, बूट घातले आणि अंगणात जाऊन, लाकडांत अडकलेल्या गाडीत चालकाशेजारच्या सीटवर बसली.

रेनो मागोमाग आला. "उतर."

"नाही उतरत."

"पहिली फेरी झालेली नाही अजून. नियम माहीत आहे ना तुला?"

"तुझा नियम. मला कधी विचारलं होतंस?"

"तुला काही होऊ नये म्हणूनच केला ना."

"आणि मी खिडकीत उभी राहून काय करत होते असं वाटतं तुला?" तिचा आवाज चढला नाही. "दर वर्षी माझे हातपाय गार पडायचे, रेनो. तू परत येईपर्यंत मी एकटी घाबरायचे. आता मला एकटीने घाबरायचं नाहीये. बस आत."

रेनोला हे कधी सुचलंच नव्हतं. तो आत बसला.

"पेडल दाब," लेम्पी म्हणाली.

त्याने दाबलं.

"पुन्हा. आणखी. घट्ट झालं?"

"झालं."

"आणखी एकदा दाब. माझ्यासाठी."

गाडी लाकडांतून बाहेर निघाली आणि सावकाश उतार उतरली. खाली राखाडी तळं दिसत होतं. पाटीशी त्याने ब्रेक दाबला आणि गाडी जिथे थांबायची तिथेच थांबली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी त्याचा पाय पेडलवरून निघेना.

"उद्या पुन्हा विसरलो तर?" त्याने विचारलं.

"मी विचारीन, पेडल दाबलंस का म्हणून. तुला राग येईल. येऊ दे."

रेनोने समोरच्या पाण्याकडे पाहत मान हलवली. मग म्हणाला, "एल्डनला सांग, शनिवारी ये म्हणावं. आणि पाठीचं खोटं होतं, तेही सांग."

"ते तूच सांग. आणि आता घरी चल," लेम्पी म्हणाली. "आज कॉफी ठेवायला घरात कोणी नाही."