शुक्रावरचा दिवस

बाबा भूगोलाचे मास्तर. घरी आले तरी त्यांचं शिकवणं थांबायचं नाही. पहाटे आई अंगणातली चूल पेटवता पेटवता शुक्राची चांदणी बघत बसली, की दात घासत हे सुरू व्हायचे, "अगं, ती चांदणी नाही, ग्रह आहे. जवळजवळ पृथ्वीएवढा. वर ढगांची इतकी जाड गोधडी, की आत कोंडलेली उष्णता बाहेर पडत नाही. शिसं वितळतं तिथं."

आई फुंकणी खाली न ठेवता म्हणायची, "वितळू द्या की. हितनं तर लई ग्वाड दिसती."

मास्तर चूळ भरायला वळायचे.

मागच्या मे महिन्यात आई गेली. बाबांनी तिच्या पत्र्याच्या खोलीची खिडकी लावून घेतली आणि तिथेच झोपायला लागले. फोन केला की म्हणायचे, मजेत आहे. नगरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली कोण मजेत असतं? यंदा ते त्याच खोलीत चक्कर येऊन पडले, तेव्हा शेजारच्या काकूंनी मला पुण्याहून बोलावून घेतलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल.

मी घरात शिरले ती तणतणतच. खोलीचं दार ढकललं आणि जागीच थबकले. आत आई होती. म्हणजे तिच्या माक्याच्या तेलाचा वास होता, पण इतका ताजा, की मी दचकून पलंगाकडे पाहिलं. भीती वाटली, आणि आनंदही झाला.

"खिडकी उघडू नको गं," मागून बाबा म्हणाले. "जाईल ती."

दुसऱ्या दिवशी आईचा स्मरणदिन होता. पहाटे दफनभूमीत तिच्या क्रुसापाशी मेणबत्ती लावली. समोर शुक्र ठसठशीत उगवलेला. बाबा त्याच्याकडे बघतच राहिले.

"शिकवलं होतं ना तुला? शुक्राची स्वतःभोवती एक गिरकी पुरी व्हायच्या आत त्याचं वर्ष संपून जातं."

"हो बाबा."

"लोक म्हणतात, वर्ष झालं. माझा तो दिवसच अजून सरला नाही बघ."

मला रडू कोसळलं. पण माणूस जगवायचा की वास? घरी आल्या आल्या खिडकीची गंजलेली कडी मी दगडाने ठोकून काढली. बाबा दारात उभे होते. कोंडलेली गरम हवा माझ्या तोंडावरून बाहेर गेली.

दुपारी बाबा ओसरीवर, लिंबाच्या वाऱ्याला आडवे झाले आणि चक्क घोरायला लागले. माझ्या जिवात जीव आला. मग मी खोलीत जाऊन आईच्या उशीत तोंड खुपसलं. धुळीचा वास आला, जुन्या कापसाचा आला. उशी उलटी केली. गोधडी हुंगली. पेटीतलं तिचं लुगडं काढून तोंडाला लावलं. कुठेच नव्हती.

मी उठले आणि खिडकी घट्ट लावून घेतली.