शुक्रवारी आलेला इशारा

इकडे ये, जवळ बस. मोबाइलवर सूचना वाजली की न वाचताच पुसून टाकतेस आणि मग म्हणतेस, मावशी, मला कुणी सांगितलंच नाही! कान धरायला हवा तुझा. ऐक, भिवंडीतलं एक प्रकरण सांगते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी तिथे उपनिरीक्षक होते. सुताचे एक व्यापारी फिर्याद घेऊन आले. त्यांच्या सर्व्हरवरचे भाव बाहेर फुटत होते. हे शेठ भाव ठरवायचे आणि समोरचा व्यापारी लगेच त्याहून थोडा कमी सांगायचा. सर्व्हरवर नाव दिसत होतं ते ऑफिसातल्या ऑपरेटर मुलीचं, पासवर्ड तिचाच.

"मॅडम, उसी को अंदर करो. आजच्या आज!" शेठ म्हणाले.

मुलगी विशीतली. तिच्या पगारावर घर चालायचं. जबाब देताना एवढंच म्हणाली, "मॅडम, चोर ठरले तर या गावात मला कुणी दारात उभं करणार नाही. पण मी केलं असतं, तर आज ड्युटीवर कशाला आले असते?"

चोर सहसा नको तेवढं बोलतो. ही विचारलं तेवढंच बोलत होती. पण माझ्या वाटण्याला कोर्टात काय किंमत? पुरावा हवा.

खबर दिली सर्व्हर बसवणाऱ्या मुंबईच्या इंजिनिअरनं. "मॅडम, शेठच्या काल्हेर गावातल्या गोदामातला कॉम्प्युटर फोनच्या लाइनीवरून सर्व्हरला जोडता येतो. सर्व्हरवर फायरवॉल आहे, म्हणजे दारावरचा पहारेकरी समजा. कोण आलं, कुठून आलं, त्याचा ई-मेल माझ्याकडे येईल असं करता येतं."

"मग वाट कसली बघतोस, बाबा?"

पहिल्या दिवशी ई-मेलचा नुसता पाऊस! गोदामवाल्यांनी माल तपासला, ई-मेल. कुणी चुकीचं बटण दाबलं, ई-मेल. मी म्हटलं, "अरे, आम्ही स्टेशन डायरीत प्रत्येक भुंकणारं कुत्रं लिहीत नाही." मग दोघांनी बसून ठरवलं: ऑफिस बंद असताना कुणी आत शिरलं, तरच ई-मेल. तो आला की इंजिनिअरनं मला फोन करायचा.

भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद; शेठचं ऑफिसही बंद. काय शांतता असायची गं तेव्हा! आठवडाभराचा खडखडाट थांबला की आपलेच कान आपल्याला नवे वाटायचे. शेठ नवे भाव गुरुवारी संध्याकाळी भरायचे, म्हणून शुक्रवारी मी त्या मुलीला पुरवणी जबाबाच्या निमित्तानं मुद्दाम समोर बसवून ठेवलं. हवालदारानं चहा सांगितला. चहाच्या आधी फोन आला.

"मॅडम, आत्ता कुणीतरी आत आलंय. काल्हेरहून. पासवर्ड तिचाच."

ती माझ्यासमोर ओढणीचं टोक पिळत बसलेली!

जीप काढली, वाटेत दोन पंच घेतले. गोदामाचं शटर अर्धं खाली. आत शेठचा सख्खा भाचा, गोदामाचा इनचार्ज, आणि पडद्यावर सगळे भाव. तिथेच पंचनामा केला.

"तिचा पासवर्ड कुठून मिळवलास?"

"मिळवायचा कशाला, मॅडम? गोदामातून माल तपासायला लागला की लूमच्या आवाजात मामाच फोनवर ओरडून सांगायचे. पूरे मोहल्ले को मालूम है!"

हवालदार तोंड फिरवून हसले. पण खरंच होतं ते. लूमच्या गावात हळू बोलायची सवयच नसते कुणाला.

संगणकाचा वेगळा कायदा तेव्हा नव्हता, विश्वासघाताचं कलम लावलं. शेठ म्हणाले, "बाई, घरचाच पोरगा आहे, मिटवून टाका."

"पोरीला अटक करा म्हणालात, तेव्हा नाही सुचलं मिटवायचं?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या ऑफिससमोर त्यांनी तिची माफी मागितली, पण अगदी हळू. मी म्हटलं, "शेठ, मोठ्यानं. पासवर्ड सांगता तसं."

एक शिकले मी. यंत्रानं इशारा चोख दिला, पण नाव तिचंच दिलं. ती त्या वेळी कुठे बसली होती, हे यंत्राला ठाऊक नव्हतं. ते माणसानंच बघायचं असतं.

आज ती भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका मोठ्या गोदामात कॉम्प्युटरचं सगळं काम सांभाळते. कधीमधी येते माझ्याकडे, आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरून चहा टाकते. तू आज जातेस तर जा, पण लवकर परत ये गं. तुम्हा दोघींची गाठ घालून द्यायचीय मला.