बडोद्याच्या आधी घोडबंदर

आमच्या आईला बडोद्याला जायचं होतं. तिचे वडील तिथल्या गिरणीत कामाला होते आणि दहावीपर्यंत ती तिथेच वाढली. लग्न होऊन कल्याणला आली, ती पुन्हा काही तिकडे गेली नाही. दर दिवाळीत फराळ करताना एकदा तरी म्हणायची, "तिथल्या सेव-उसळीची चव इथे कुणाला जमत नाही." बाबा "जाऊ की" म्हणायचे आणि पेपरात डोकं घालायचे. गेली तीन वर्षं तर "जाऊ की"सुद्धा बंद झालं होतं. "माझे गुडघे दुखतात, तुम्ही दोघी जा," एवढंच म्हणत. आणि त्यांना मागे ठेवून आई जाणार नव्हती.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. घोडबंदर रोडवर ऑफिस, ठाण्यात बाळकुमला घर, आणि कुठलीही गोष्ट हातात घेतली की तिचा तक्ता केल्याशिवाय मला चैन पडत नाही. आई सत्तरीला टेकली तेव्हा मी जाहीर करून टाकलं की डिसेंबरात आपण तिघं बडोद्याला जातोय. तक्ता तयार झाला. हॉटेलात तळमजल्याची खोली, जवळ हॉस्पिटल, दोघांच्या खिशात माझा नंबर लिहिलेलं कार्ड, गोळ्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या पिशव्या, उघड्यावरचं काही खायचं नाही, दर तासाला पाणी प्यायचं. पाण्यासाठी मी दोन खास बाटल्या मागवल्या. त्यांच्यावर तासांच्या खुणा होत्या, आठ वाजता कुठपर्यंत प्यायचं, नऊ वाजता कुठपर्यंत. मला त्या बाटल्यांचा फार अभिमान वाटत होता.

तक्ता घेऊन मी कल्याणजवळ विठ्ठलवाडीला आईबाबांच्या घरी गेले. आईने तो डोळ्यांसमोर धरून वाचला.

"उघड्यावरचं खायचं नाही? मग मी बडोद्याला काय करायला चाललेय, तुझं हॉस्पिटल बघायला?"

बाबांनी तक्ता हातात घेतला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आयुष्य गेलेला माणूस, कागद नीट वाचल्याशिवाय सही करायचा नाही. पाण्याच्या ओळीवर त्यांचं बोट जरा थांबलं.

"गाडी कुठून पकडायची?"

"बोरिवलीहून. तिथपर्यंत माझ्या कारने जाऊ, घोडबंदर रोडने."

"मग मला नका धरू," ते म्हणाले आणि कागद घडी घालून टीव्हीवर ठेवून दिला.

माझं डोकंच फिरलं. तीन वर्षं हा माणूस माझ्या गाडीत बसला नव्हता. घरी बोलावलं तर "तूच ये." गणपतीत ये, तर "तूच ये." मुलीच्या घरी जाऊन राहायला त्यांना कमीपणा वाटतो, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली होती. एकटीने घर घेतलं, गाडी घेतली, ते त्यांना खुपतं की काय, असंही वाटायचं. ते मी कधी विचारलं नाही. रागावून बसणं मला जास्त सोपं जातं.

त्या दिवशीही तणतणत परत आले. मग चार दिवसांनी फोन करून म्हटलं, ठीक आहे, बडोदा राहू दे. आधी ठाण्यात रंगीत तालीम करू. एक सकाळ फिरू, खाऊ, कोणाला किती चालवतंय ते बघू. मी न्यायला येते. बाबा म्हणाले, "तू नको येऊस, आम्ही ट्रेनने येतो. अर्ध्या तासाचं तर आहे."

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी दोघं ठाणे स्टेशनबाहेर उभे होते. मी त्यांच्या हातात भरलेल्या बाटल्या दिल्या आणि आम्ही मिसळ खायला गेलो. माझ्या तक्त्यात बसणारी, पंख्याखालची, स्वच्छ फरशीची जागा. पण मिसळ तिखटजाळ होती. पहिल्याच घासाला आई म्हणाली, "आहे, जीव आहे हिच्यात. पण आमच्या सेव-उसळीत पातीचा कांदा घालतात वरून, आणि तो हिरवा मसाला..." आणि तिने पुढचा घास घेतला. बाबांच्या कपाळावर घाम आला, नाक वाहायला लागलं. ते रुमालाने चेहरा पुसत होते, पाव मोडून तोंडात कोंबत होते. समोर पाण्याचा ग्लास होता. त्याला त्यांनी हात लावला नाही.

"पाणी प्या ना."

"नको. बरं लागतंय तिखट."

आईने आपल्या वाटीतलं दही त्यांच्या वाटीत घातलं. मला ते गोड वाटलं, इतकंच.

तिथून तलावपाळीला गेलो. साडेदहा वाजले असतील, पण ऊन असं की डोकं तापून निघालं. आई पुढे चालली होती, बोटी बघत. मी मागे वळले तर बाबा कठड्याला धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "काही नाही, जरा गरगरतंय," म्हणाले आणि तिथेच खाली बसायला लागले. मी त्यांना धरलं. शेजारच्या नारळवाल्याने आपलं स्टूल सरकवलं, न विचारता नारळ छाटून हातात दिला. मी घाबरून बाबांच्या पिशवीतली बाटली काढली, तोंडावर पाणी मारावं म्हणून. बाटली काठोकाठ भरलेली होती. सकाळी आठच्या खुणेपर्यंतसुद्धा उतरली नव्हती.

नारळ पिऊन त्यांना तरतरी आली. माझा सूर चढायला लागला होता, "एवढ्या उन्हात एक घोट नाही? मी बाटल्या कशाला दिल्या होत्या?" तेवढ्यात ते उठले, "आलोच," म्हणाले आणि रस्त्यापलीकडच्या शौचालयाकडे घाईघाईने गेले. गरगरणारा माणूस एवढा भराभर चालेल असं वाटलं नव्हतं.

"ओरडू नकोस त्यांच्यावर," आई म्हणाली. "बाहेर पडायचं असलं की ते आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करतात. तीन वर्षं झाली."

"का?"

"लागली की त्यांना थांबवत नाही. मिनिटभरही नाही." ती तलावाकडे बघत बोलत होती. "बोरिवलीच्या लग्नाहून आपण येत होतो. तुझी गाडी नवीन होती. घोडबंदरला अडीच तास अडकलो. तुला आठवतं, त्यांच्या अंगावर बाटली सांडलेली?"

मला आठवत होतं. नव्या सीटवर पाणीच पाणी झालेलं. मागे बसलेले बाबा लग्नातल्या पांढऱ्या पँटवर रुमाल दाबत होते आणि मी आरशातून बघून म्हणाले होते, "काय हो बाबा, बाटलीसुद्धा नीट धरता येत नाही का?"

"सांडली नव्हती ती," आई म्हणाली. "त्यांनीच ओतून घेतली. तुला कळू नये म्हणून."

मला त्या कठड्यावर रडू फुटलं. लोक जात होते, बघत होते, आणि मला ते थांबवता येईना. ज्या गोष्टीसाठी मी त्यांच्यावर तीन वर्षं रुसले होते, ती माझ्याच त्या वाक्यातून आली होती. आणि वर त्या माणसाच्या हातात मी तासांच्या खुणांची बाटली ठेवली होती.

बाबा परत आले. आईचा चेहरा बघितला, माझा बघितला आणि त्यांना कळलं.

"सांगितलंस?"

"हो. किती दिवस लपवायचं? सेव-उसळ खायची आणि वर पाणी प्यायचं नाही, असलं जाणं मला नकोच आहे."

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी..."

"गाडी नवीन होती गं," बाबा म्हणाले. "नव्या गाडीवर पाणी सांडलं की कोणीही चिडेल." माझी बाजू घ्यायला तेच धावले. मग स्टूल नारळवाल्याला परत देताना खालच्या आवाजात म्हणाले, "लाज वाटते अगं. मुलीसमोर कसं बोलायचं?"

आम्ही डोंबिवलीतल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, या वयात बऱ्याच पुरुषांना होतं असं सांगितलं, गोळ्या दिल्या. पाणी तोडायचं नाही, ही तंबी मात्र कडक दिली. बाबा बाहेर येऊन म्हणाले, "एवढंच होतं?" आणि हसले. त्रास थोडा कमी झाला, पूर्ण गेला नाही. लागली की लागली, हे राहिलंच. म्हणजे बडोदा अजून घोडबंदर रोडवरच अडकलेलं होतं.

मग एका रविवारी मी एकटीच गाडी काढली. बाळकुमपासून बोरिवलीपर्यंत जिथे म्हणून बाथरूम असेल तिथे थांबले. पेट्रोल पंप, हॉटेलं, एक लग्नाचा हॉल. "किती टाकू, मॅडम?" पंपावरचा माणूस विचारायचा. "पेट्रोल नको, बाथरूम बघायचंय." तो माझ्याकडे बघत राहायचा आणि किल्ली आणून द्यायचा. पायऱ्या किती, कडी लागते का, पाणी येतं का, सगळं लिहून घेतलं. चौथ्या ठिकाणी मी स्वतः आत गेले, आणि बाहेर येताना लक्षात आलं, इतकी वर्षं मी या रस्त्याने ऑफिसला जाते, पण वाटेत कधी कुठे गेलेली नाही. सकाळी चहाचे दोन घोट घेते आणि ऑफिसात पोचेपर्यंत पाण्याला शिवत नाही.

ते आईला सांगितलं तर म्हणाली, "मग? मी काय वेगळं करत आले जन्मभर? बाईमाणसाने प्रवासात पाणी प्यायचं नसतं, हे मला माझ्या आईने सांगितलेलं." तिघांच्या घरात तिघंही तहानलेले, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच. मला स्वतःचा आणि सगळ्यांचाच राग आला.

माझी यादी बाबांनी चष्मा लावून वाचली. एकोणीस जागा होत्या. खिशातलं पेन काढून त्यांनी गायमुखच्या घाटाजवळ एक फुली मारली.

"हे राहिलं तुझं. निळ्या बोर्डाचं हॉटेल आहे. मागच्या बाजूला बाथरूम आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आपण अडकलो होतो ना, तेव्हा पाऊण तास समोरच दिसत होतं. बाण काढलाय भिंतीवर." पेन खिशात ठेवत म्हणाले, "तेव्हा ते पलीकडच्या बाजूला होतं. जाताना आपल्याच हाताला येईल."

मी विसावी जागा लिहून घेतली.

डिसेंबरात निघायच्या आदल्या दिवशी बाबा बाळकुमला माझ्या घरी राहायला आले, तीन वर्षांनी. सगळ्या खोल्यांत फिरून त्यांनी नळ तपासले, एकाचा वॉशर बदलायला हवा म्हणाले. सकाळी आम्ही गाडीच्या वेळेच्या चार तास आधी निघालो. "एवढ्यात चालत पोचलो असतो बडोद्याला," आई म्हणाली. ती नवी साडी नेसून पुढे बसली होती. उघड्यावरच्या खाण्याची ओळ तिने माझ्या तक्त्यातून स्वतःच्या हाताने खोडली होती.

गायमुखच्या अलीकडे गाड्या थांबल्या. पुढे ट्रकच ट्रक. मी आरशातून मागे बघायचं टाळत होते. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. गाडी हातभर सरकायची आणि थांबायची.

"अगं," मागून आवाज आला. चांगला मोठा, फॅक्टरीत मशीनवरून ओरडायचे तसा. "मला लागलीय. तो निळा बोर्ड आला बघ, घे डावीकडे."

मी घेतली. मागचे हॉर्न वाजवत राहिले. बाबा भिंतीवरच्या बाणाच्या दिशेने गेले, त्यांच्यामागे आई गेली, मग मीही गेले. हॉटेलात चहा सांगितला, नुसता कसा प्यायचा म्हणून बटाटेवडे घेतले आणि उभ्याउभ्या खाल्ले. तिखट होते.

पुन्हा रांगेत शिरलो. मागे झाकण फिरवल्याचा आवाज झाला, तेव्हा मी आरशात पाहिलं. बाबा खुणांची बाटली तोंडाला लावून पीत होते, नऊची खूण गेली, दहाची गेली. आईने हात मागे केला, तर तिलाही दिली. मग ती परत आल्यावर ओठ पुसून त्यांनी बाटली दोन्ही हातांत धरली आणि आरशात माझ्याकडे बघितलं.

"बघ," म्हणाले, "नीट धरलीय की नाही?"