डाग धुण्याची प्रार्थना

अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो तेव्हा मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. आमच्या ख्रिस्ती मंडळीला स्वतःची इमारत नव्हती. दर रविवारी एका फोरमनच्या मोठ्या खोलीत सतरंज्या अंथरून उपासना व्हायची. पाळकसाहेब कल्याणहून येत. माझं अक्षर बरं होतं, म्हणून त्यांनी एक काम माझ्या गळ्यात घातलं. रोजच्या शास्त्रपाठावरून एक प्रार्थना लिहायची. आठवड्याच्या सात प्रार्थना मी कार्बन लावून उतरवायचे आणि त्या प्रती पाळकसाहेबांमार्फत अंबरनाथ-बदलापूरच्या ख्रिस्ती घरांत जायच्या.

सकाळी चूल पेटवायच्या आधी मी लिहायला बसायचे. पाठ दोनदा वाचायचा आणि मग आपल्या आसपास बघायचं. भुकेल्यांना भाकरी वाटल्याचा पाठ असला की उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बराकींत चुली फुंकणाऱ्या निर्वासित सिंधी आया डोळ्यांसमोर यायच्या. लोक माझे शब्द जेवणाआधी मोठ्याने म्हणतात हे कळलं की मी फुलून जायचे. ते फुलणंच पुढे नडलं.

बदलापूरच्या दवाखान्यातली एक नर्स आमच्या मंडळीत होती. मी तिला अक्का म्हणायचे. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात तिने महिनाभर रोज येऊन आईचं अंग पुसलं, जखमा धुतल्या. त्या अक्काने दवाखान्यातल्या हिंदू कंपाउंडरशी रजिस्टर लग्न केलं. मंडळीच्या पंचांनी ठरवलं, तिला प्रभुभोजन बंद, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस तिला मिळणार नाही.

हे ज्या रविवारी जाहीर व्हायचं होतं, त्या दिवशीचा पाठ नेमका एका पापी ठरवलेल्या बाईला दगड मारायला आलेल्या माणसांचा होता. ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला दगड मारावा, असं येशूने म्हटल्यावर हातातले दगड टाकून ते एकेक करून निघून गेले, तो. मला वाटलं, देवानेच मला बोलायला जागा करून दिली. मी लिहिलं, "प्रभो, आमच्या मुठी उघड. जिने आमची दुखणी काढली त्या बहिणीला दूर लोटण्याआधी आमचे हात आम्हाला दाखव." शुक्रवारी तो कागद पाळकसाहेबांकडे पोचला.

रविवारी ते उभे राहिले. "आजची प्रार्थना आपल्या मास्तरीणबाईंनी लिहिली आहे," असं म्हणून वाचू लागले. पहिली ओळ माझी होती. मग बहीण गेली, आमचे हात गेले. "या मंडळीवरचा डाग धुऊन काढ. जी वाट चुकली तिला तिची लाज वाटू दे."

अक्का दाराशी बसली होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीची दशी ओढत राहिले. सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि माझ्याही तोंडून ते निघालं.

उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं. "साहेब, हे मी लिहिलं नव्हतं."

"थोडं सुधारलं, बाई. मंडळीच्या तोंडी शोभायला नको? तुमचं नाव तर ठेवलं ना!"

दोन महिन्यांनी उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात अक्का दिसली. एका सिंधी दुकानात मलमल बघत होती. मी तिथेच घाईघाईने सगळं सांगून टाकलं.

"ते तू लिहिलं नव्हतंस हे मला तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "तुझी भाषा मी ओळखत नाही का? तू उठून बोलशील म्हणून मी बसून राहिले होते. नाहीतर डागाचं ऐकताच उठले असते."

दुकानदाराने विचारलं, "कितना फाडूँ, बहनजी?" तिने दोन वार सांगितलं, कापड पिशवीत घातलं आणि मागे न बघता गर्दीत गेली.

मी प्रार्थना लिहिणं सोडलं. पाळकसाहेबांचं त्यावाचून काही अडलं नाही. माझ्याच जुन्या प्रार्थना तारखा बदलून वाटल्या जाऊ लागल्या, त्यांत ती डाग धुण्याचीही, खाली माझं नाव घालून. अक्का आणि तिचा नवरा वर्षभरात नाशिककडे गेले असं कुणीतरी म्हणालं. पत्ता मला कुणी सांगितला नाही, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही.