नाल्याकाठची कोथिंबीर
“मैं तो कहती हूँ वहिनी, होस्टेलवर हिनं चोरून नॉनव्हेज खाल्लं असणार. अपने घर में तो अंडंसुद्धा येत नाही,” काकू स्वयंपाकघरात आईला सांगत होती, आणि शेजारच्या खोलीत माझी ताई डोळे मिटून पडली होती. ती झोपलेली नाही, हे मला दिसत होतं. त्या आठवड्यात तिला पहिली फिट आली, तेव्हा “जूता सुंघाओ, जूता!” म्हणत शेजाऱ्यांनी तिच्या नाकाशी चप्पल धरली होती. स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, डुकरात सापडणारा जंत मेंदूत पोचलाय. डुकराचं नाव ऐकताच काकू ताडकन उठून बाहेर गेली. मांस न खाणाऱ्यांनाही मैल्याच्या पाण्यावरच्या कच्च्या भाजीतून हा जंत होतो, हे ऐकायला मी एकटीच उरले. परतताना रिक्षा सिमरोल रोडवरच्या नाल्याशी थांबली. पलीकडे पंप लावून काळं पाणी शेतात सोडत होते, आणि त्या दुर्गंधीतूनही कोथिंबिरीचा ताजा वास येत होता. अजूनही मंडईत तो वास आला की माझा हात मागे येतो. त्या संध्याकाळी काकूचं स्वयंपाकघरातलं ते बोलणं ऐकून ताईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, तेव्हा मोठ्यांपुढे कधीच न बोलणारी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, “काकू, ताईनं काही नाही खाल्लं. आपल्या अख्ख्या कॉलनीचं ड्रेनेज त्या नाल्यात जातं, आणि त्याच पाण्यावरची कोथिंबीर आपण रोज पोह्यांवर घालतो.”