न दुखलेला खिळा

देवीनं माझे पाय राखले, असं मी दोन उन्हाळे मिरवलं. ज्या गोष्टीवरून मिरवलं ती कृपा नव्हती, आजार होता. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जाता जाता मी ते गाळीन अशी मला माझीच भीती वाटते. वय झालं, पण आपण बावळट ठरलो हे कबूल करणं अजून जड जातं.

गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तर सालच्या सुमाराची, नागपूरची. त्याच्या अकरा वर्षं आधी माझा एकुलता एक मुलगा विषमज्वरानं महिनाभर अंथरुणावर होता. डॉक्टर बोलेनासे झाले, तेव्हा मी देवीला नवस बोलले की हा उठून बसू दे, मी जन्मभर दर मंगळवारी अनवाणी तुझ्या दर्शनाला येईन. तो उठून बसला. पुढे शिकला, भिलाईला नोकरीला लागला. मीही शब्द पाळला. आम्ही धंतोलीत राहायचो. तिथून सीताबर्डी ओलांडून सदरच्या वस्तीपुढे एका टेकाडावर देवीचं लहानसं देऊळ आहे. तिथवर तासभर चालायचं आणि मग साठेक पायऱ्या चढायच्या. पावसाळा, थंडी, नागपूरचा मे महिना, काहीही असो, माझा एक मंगळवार चुकला नाही.

मधुमेह कळून आठ वर्षं झाली होती. कळून म्हणजे डॉक्टरांना कळून. मला कळला होता असं आज म्हणवत नाही. सकाळ-संध्याकाळ गोळी होती. पण मंगळवारी कडक उपास, आणि उपासाला गोळी कशी चालेल, तिच्यात काय घातलेलं असतं कोणाला ठाऊक, म्हणून त्या दिवशी ती बंद. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि वर साखर घातलेलं दूध मात्र चालायचं. देवीला साखरेची गोळी चालत नाही आणि साखर चालते, हे शास्त्र मी कुठून काढलं होतं, देवीच जाणे. आमचे हे एकदा हळूच म्हणाले, की उपासाला तू रोजच्यापेक्षा जास्त खातेस. त्यावर मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

आधी पायांना मुंग्या यायच्या. मग तळव्यांची आग व्हायची, अंगावरचं पांघरुणही पायाला सहन व्हायचं नाही. पुढे हळूहळू दोन्ही कमी झालं आणि मला हायसं वाटलं. जमीन जरा मऊ लागायची, कापसावर चालल्यासारखी. एकदा बर्डीवर खरेदीला गेले असताना एका पायातली चप्पल मागेच राहिली, आणि मी तशीच वीस-पंचवीस पावलं चालले. दुकानदारानं हाक मारून परत बोलावलं तेव्हा कळलं. घरी आम्ही खूप हसलो.

देवळाच्या पायऱ्या दगडी. एप्रिल लागला की बायका एकेक पायरी उड्या मारत चढायच्या, पदर भिजवून पायाखाली टाकायच्या. मी त्यांच्यामधून शांतपणे चालत जायची. कोणीतरी म्हणालं, "बाईवर देवीचा हात हाय, पाय पोळूनच नाही राहिले तिचे." मग ते चहूकडे झालं. बायका माझ्या पाया पडू लागल्या. मी नको नको म्हणायची, पण पाय मागे घेत नव्हते. खरंच मला वाटायचं, अकरा वर्षांची सेवा फळाला आली. या समजुतीत मी जितकी सुखी होते, तितकी त्याआधी क्वचितच असेन.

दुसऱ्या उन्हाळ्यातल्या एका मंगळवारी पायऱ्या अर्ध्या चढून झाल्या होत्या, तेव्हा खालून हाक आली, "ओ बाई, थांबा जरा." मागे पाहिलं तर पायथ्याशी चपला सांभाळणारी बाई वर चढत होती. पिंपळाखाली गोणपाट अंथरून ती बसायची. मी अनवाणी येणारी, त्यामुळे तिचं माझं कधी काम पडलं नव्हतं. अकरा वर्षांत मी तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता. ती धापा टाकत आली आणि मागच्या पायऱ्यांकडे तिनं बोट केलं. एक सोडून एक पायरीवर ओला, तांबूस ठिपका होता. ठिपके माझ्यापर्यंत येऊन थांबले होते.

"पायात काही गेलं हाय तुमच्या. दुखून राहिलं का?"

मी म्हटलं, अजिबात नाही.

"दुखून नाही राहिलं, तेच तं वाईट हाय," ती म्हणाली आणि माझा पाय पाहायला तिनं हात पुढे केला. तिची बोटं आत वळलेली होती, दोन तर अर्धीच होती. मी झटकन पाय मागे घेतला आणि म्हणाले, "हात नको लावूस." आवाज मी चढवला नव्हता, पण माझ्या तोंडावर काय आलं असेल ते मला माहीत आहे. तिला ते नवं नसावं. ती रागावली नाही. कनवटीची पिशवी सोडून तिनं हातभर अंतरावरून एक गोल आरसा पायरीवर ठेवला, कुंकू लावायला असतो तेवढा, आणि म्हणाली, "मी नाही लावत. तुम्हीच पाहा."

आरशात मी कित्येक वर्षांनी माझा तळवा पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी चपलेचा बारीक खिळा डोक्यापर्यंत रुतला होता. भोवतालचं कातडं पांढरं, फुगलेलं होतं आणि त्यातून पू येत होता. म्हणजे खिळा आजचा नव्हता. चार दिवस तरी मी तो पायात घेऊन स्वयंपाक केला होता, तुळशीला फेऱ्या घातल्या होत्या. मी तो नखात धरून उपसला. तेव्हाही काही कळलं नाही. दुसऱ्याच कोणाच्या पायातून काढावा तसा तो निघाला, आणि मला रडू फुटलं.

तिनं माझ्याच पदराची पट्टी मला फाडायला लावली, बांधायला लावली. आता वर जायचं नाही, सरळ दवाखान्यात जायचं, असं तिनं बजावलं. वर घंटा वाजत होती. तीस पायऱ्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, नवस आहे, मुलाचा आहे, दर्शन घेऊन येते. तिनं आपल्या पायातल्या चपला काढल्या. काळ्या, जाड, मऊ रबराच्या, मागे पट्टा असलेल्या. त्या माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "दगड तापून राहिला बाई. तुमच्या पायानं सांगणं सोडलं, म्हणून मी सांगतो. माझा रोग केव्हाचाच बरा झाला, भिऊ नका. या घाला अन् उतरा."

मुलगा, नवस, तिची बोटं, माझा पाय, सगळं एकदम डोक्यात घोंघावत होतं. काय ठरवावं ते कळेना. शेवटी ठरवणंच सोडलं. देवीला मनात म्हटलं, आता तूच बघ, आणि त्या चपलांत पाय घातले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी देवीच्या दारातून दर्शन न घेता, तेही चपला घालून, उतरले. तिनं रिक्षा थांबवून दिली. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून टाचणी टोचली, कापूस फिरवला, कंप जाणवतो का ते पाहायला थरथरणारा लोखंडी चिमटा घोट्याला लावला. टोचलं की सांगा, म्हणाले. मी वाट पाहत राहिले. ते केव्हाच टोचून थांबले होते. मग त्यांनी समजावलं की रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा झिजतात, आणि सगळ्यांत लांबच्या, म्हणजे पायाच्या, आधी. दुखणं हा पायाचा पहारेकरी, तोच गेला आहे आणि बहुतेक परत यायचा नाही. पू हाडापर्यंत गेला असेल तर अंगठा काढावा लागेल, चढत गेला तर पाय. आठवडा उशीर झाला असता, तर हे बोलायचीही वेळ राहिली नसती.

सहा आठवडे मी खाटेवर होते. इन्सुलिनची सुई, पेनिसिलिन, रोज जखम कापून साफ करणं. ते करतानाही दुखत नसे, याचंच रोज वाईट वाटे. भिलाईहून पत्र आलं की मी आधी शेवटची ओळ वाचायची, सगळं ठीक आहे ना. एकदा ह्यांच्याजवळ बोलून दाखवलं, की नवस मोडला, आता त्याला काही झालं तर. ह्यांनी पत्राची घडी घालून उशाशी ठेवली. मग म्हणाले, "ज्या देवीनं पोरगा दिला, ती त्याच्या आईचे पाय घेऊन काय करणार आहे?" देवाधर्माच्या गोष्टीत मी ह्यांना कधी मोजलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ऐकलं.

त्या चपला खाटेखालीच होत्या. ह्यांना त्या फेकायच्या होत्या. एका सकाळी डॉक्टरांचं लक्ष गेलं. त्यांनी चप्पल उचलली, अंगठ्यानं दाबून पाहिली आणि म्हणाले, तुम्हाला घालायला जे सांगणार होतो ते तुमच्याकडे आधीच आहे की. कुष्ठरोग्यांच्या आश्रमात अशा चपला बनवतात. त्यात खिळे नसतात, सगळं शिवलेलं. बधिर पायांचं कसं करायचं ते त्या लोकांइतकं कोणालाच ठाऊक नाही, असंही ते म्हणाले. मी तोंड भिंतीकडे वळवलं.

पाय राहिला. अंगठाही राहिला, थोडा वाकडा. दोन महिन्यांनी एका मंगळवारी मी रिक्षानं देवळाशी गेले. अशा गोष्टींत मदत करणारं माणूस पुढे सापडत नाही, चौकशी केली तर तिथे कोणी नव्हतंच असं कळतं. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. ती पिंपळाखालीच बसली होती, नेहमीसारखी. नाव कौतिकाबाई. तरुणपणी रोग झाला म्हणून घर सुटलं, आश्रमात बरी झाली, तिथेच दहा वर्षं इतरांच्या जखमा धुतल्या. छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षाही घेतली. देवीला ती मानत नव्हती. मी विचारलं, मग इथे का बसता. "गर्दी इथं असते बाई. चपला काय आपोआप राहतात?" त्या दिवशी तू, म्हणजे तुम्ही, घरी कशा गेलात, असं विचारताना माझी जीभ अडखळली. म्हणाली, "गोणपाट बांधलं पायाले. आपल्याले सवय हाय."

मी तिच्या चपला आणि आश्रमातून करवून आणलेला नवा जोड तिच्यापुढे ठेवला, आणि हात जोडून म्हटलं, त्या दिवशी मी पाय मागे घेतला, चुकलं माझं. तिनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. म्हणाली, "तुमचा-माझा धंदा कधी झालाच नव्हता. आता होईल. तुमच्या चपला मी सांभाळतो, पाय तुम्ही सांभाळा." मग तिनंच शिकवलं. रोज आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, आरशात तळवे पाहायचे, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवायचा, पाण्याचा कढतपणा पायानं नव्हे, कोपरानं बघायचा. डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, पण ती सांगत होती ते स्वतःच्या पायांवरून. आता मी घरातही चपला घालते, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत. जाऊबाई नाक मुरडतात. मंगळवारी गोळी घेते आणि जेवते. देवळात दगड तापायच्या आत, पहाटेच जाते. जाड मोजे घालून चढते आणि उतरले की कौतिकाबाईला पाय दाखवते.

देवीनं तिला पाठवलं का, हे मी आता विचारत नाही. ती अकरा वर्षं तिथेच होती. शरण जाणं म्हणजे काय ते मला अनवाणी चालून नाही कळलं, एकीच्या चपलांत पाय घालताना थोडं कळलं. तिच्या चपला परत केल्या त्या दिवशी मोजा काढून मी पाय पुढे केला, आणि या वेळी मागे घेतला नाही. तिनं वळलेल्या बोटांत माझा तळवा धरला, जखमेच्या जागी अंगठा फिरवला. तिची बोटं बधिर, माझा पाय बधिर. त्या स्पर्शातलं दोघींनाही काही कळलं नाही. आम्ही दोघी खाली वाकून तो नुसता बघत राहिलो.